संगणक कक्षाची किल्ली कोणाच्या हाती?

तिसरीपासून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ शिकविणार, अशी घोषणा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली आणि त्यासाठी २०२६-२७ हे शैक्षणिक वर्ष मुक्रर केले. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक-पूर्व टप्प्यावरच ‘कोडिंग’ आणण्याचे सूतोवाच केले होते. नव्या ज्ञानाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. नवे ज्ञान आपल्यापर्यंत शेवटी पोहोचते आणि पोहोचते तेव्हा त्याची धार बोथट झालेली असते, ही आमची जुनी तक्रार आहे. म्हणूनच या घोषणेने हुरळून जाण्यापूर्वी आम्ही एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. शाळांमध्ये जे संगणक आधीच येऊन पडले आहेत, त्यांच्यावर आमची मुले आजवर काय शिकली?

केंद्र शासनाने शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाची योजना २००४ साली सुरू केली. त्याला दोन दशके उलटून गेली. आम्ही वकिलीच्या आणि चळवळीच्या कामानिमित्त खेड्यापाड्यांत फिरतो, तेव्हा शाळेचा संगणक कक्ष आवर्जून पाहतो. एका शाळेत कक्षाला कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. उघडून दाखवला तेव्हा दहा यंत्रांवर पांढऱ्या कापडाच्या खोळी होत्या आणि भिंतीवर संगणकाच्या भागांची नावे लिहिलेला तक्ता होता. ‘मुलं बिघडवतात’, हे कुलूप लावण्याचे कारण. दुसऱ्या एका शाळेत कक्ष उघडा होता, तास चालू होता. मुले वहीत लिहून घेत होती : फाइल उघडण्यासाठी कोणते बटण, अक्षर ठळक करण्यासाठी कोणते बटण, छापण्यासाठी कोणते बटण. समोर यंत्र असताना यंत्राचे वर्णन वहीत! पोहण्याच्या नियमांचे पाठांतर करून विहिरीत उडी मारण्यासारखाच हा प्रकार.

येथे मूळ रोग लक्षात घेतला पाहिजे. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट ही कार्यालयीन सॉफ्टवेअरे आपल्याकडे केवळ नोकरीच्या पात्रतेची वस्तू म्हणून आली. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. आमच्या वस्त्यांतील आयाबायांनी पदरचे पैसे मोडून पोरापोरींना तेथे धाडले, कारण सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागितले जात होते. त्या प्रमाणपत्राने अनेकांच्या घरी चूल पेटली, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. परंतु हेच सॉफ्टवेअर गणित शिकविण्याचे, नागरिकशास्त्र शिकविण्याचे, भाषा शिकविण्याचे साधन होऊ शकते, हा विचार वर्गात शिरलाच नाही. संगणक हा एक वेगळा विषय झाला, त्याचा वेगळा तास झाला, आणि गणिताचा तास होता तेथेच, फळ्यापाशी राहिला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध लेखन-वाचनासोबत हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. हिशेबाचा आग्रह जोतीरावांनी का धरला असेल? ज्याला हिशेब कळत नाही त्याच्या अंगठ्याची किंमत दुसराच ठरवतो, हे ते डोळ्यांनी पाहत होते. कुलकर्ण्याची वही आणि सावकाराची चोपडी ही त्या काळातील सत्तेची हत्यारे होती. आजची चोपडी म्हणजे स्प्रेडशीट. अर्थसंकल्प त्यात बनतो, कर्जाचा हप्ता त्यात ठरतो, शिष्यवृत्तीच्या याद्या त्यात लागतात, नोकरभरतीची बिंदुनामावली त्यात मांडली जाते. ती कोणी मांडायची आणि कोणी नुसती सही करायची, हा प्रश्न १८८२ चाच आहे. केवळ कागद बदलला आहे.

आणि गंमत अशी की, या स्प्रेडशीटचा जन्मच मुळी वर्गातला आहे. डॅन ब्रिकलिन हा अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी. प्राध्यापक फळ्यावर मोठा तक्ता मांडून हिशेब शिकवीत. एक आकडा चुकला की त्याच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक आकडा पुसून पुन्हा लिहावा लागे. हा फळाच आपोआप बदलला तर, असा विचार ब्रिकलिनच्या मनात आला आणि बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साथीने त्याने १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आणले. पुढे १९८३ मध्ये ‘लोटस’ आले, १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. ऑफिसांनी हे साधन उचलले आणि वर्ग मात्र त्याला विसरला. एक आकडा बदला, सगळे आकडे बदलतात. ‘असे झाले तर काय होईल?’ हा प्रश्न विचारण्याचे हे यंत्र आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे ‘असेच असते’ असे सांगण्यात आले, त्या समाजाच्या मुलांच्या हाती ‘असे नसते तर?’ विचारणारे साधन असणे ही लहान गोष्ट नाही.

नुसता उपदेश नको म्हणून अनुभव सांगतो. आमच्या वस्तीतील रविवारच्या अभ्यासवर्गात जुने दोन संगणक आहेत. नववी-दहावीच्या मुलांना चक्रवाढ व्याजाचे सूत्र पाठ होते, पण ते कशाशी खातात हे ठाऊक नव्हते. आम्ही त्यांना सूत्र बाजूला ठेवायला सांगितले. पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात मुद्दल, तिसऱ्यात त्या महिन्याचे व्याज, चौथ्यात बेरीज. ती बेरीज पुढच्या महिन्याचे मुद्दल. दर कोणता घ्यायचा? एका मुलाने सांगितले, शेकडा पाच. त्याच्या घरी हाच शब्द ऐकलेला. शेकडा पाच, पण महिन्याला. दहा हजार रुपये घेतले, व्याज फेडता आले नाही म्हणून ते मुद्दलात चढत गेले, तर बारा महिन्यांनी किती? १७,९५९ रुपये. तीन वर्षांनी? ओळी खाली ओढल्या आणि आकडा आला ५७,९१८. वर्गात कोणी बोलेना. सूत्र पाठ असलेल्या मुलांना त्या सूत्रात आपले घर दिसले होते.

मग दुसरा खेळ. वस्तीतील बायकांना गटकर्ज मिळते. तीस हजार रुपये, व्याज शेकडा बारा, बारा हप्ते, हप्ता २,८०० रुपये. ऐकायला सरळ व्यवहार. बारा टक्क्यांचे ३,६०० रुपये व्याज, म्हणजे दर महिन्याला ३०० रुपये. मुलांनी तक्ता मांडला. प्रत्येक हप्त्यात २,५०० रुपये मुद्दल कमी होते, पण व्याजाचे ३०० जागचे हलत नाहीत. नववीतली एक मुलगी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “वकीलकाका, शेवटच्या महिन्यात अडीच हजारच राहिलेत. त्यावर तीनशे म्हणजे एका महिन्याचं बारा टक्के झालं की!” आम्ही म्हणालो, मग खरा दर शोध. उरलेल्या रकमेवरच व्याज लावायचे आणि बाराव्या हप्त्याला बाकी शून्य झाली पाहिजे, या बेताने ती दराच्या रकान्यात आकडे बदलत गेली. पंधरा टाकले, अठरा टाकले, बावीस टाकले. शेवटी सुमारे साडेएकवीस टक्क्यांवर बाकी शून्याला टेकली. सांगायला बारा, घ्यायला साडेएकवीस!

रिझर्व्ह बँकेने २०२४ साली कर्जाच्या मुख्य तथ्यांचे पत्रक ऋणकोला समजेल अशा भाषेत देण्याचा आणि त्यात वार्षिक टक्केवारी दर दाखविण्याचा नियम अधिक व्यापक केला. राज्यात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदाही आहे. परंतु वकील म्हणून आमचा अनुभव असा की, हिशेब मांडता न येणाऱ्या माणसाला कायद्याचे दार दिसते, त्याची कडी सापडत नाही. पक्षकार येतात, पिशवीभर पावत्या टेबलावर ओततात आणि म्हणतात, ‘साहेब, लय भरलं, तरी फिटंना.’ किती भरले, केव्हा भरले, कशापोटी भरले, याचा एक पानी तक्ता ज्याच्या हातात आहे त्याचे प्रकरण अर्धे उभे राहिलेले असते.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विद्यापीठातील अध्यापकांच्या आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ हा घटक न धरता विभाग हा घटक धरावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी तसे पत्र काढले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. देशभर ‘तेरा बिंदू’ आणि ‘दोनशे बिंदू’ हे शब्द गाजले, मोर्चे निघाले, ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद झाला. त्या मोर्चांत आम्हीही होतो. घोषणा देणाऱ्या किती जणांना तेरा बिंदूंचे गणित समजले होते? आम्ही आमच्यापासून सुरुवात करून प्रामाणिकपणे सांगतो, फार थोड्यांना.

हे गणित सातवीतल्या मुलालाही समजेल. पहिल्या रकान्यात एकपासून पुढे पदांचे क्रमांक लिहा. दुसऱ्यात त्या क्रमांकाला इतर मागासवर्गाच्या २७ टक्क्यांनी गुणा, तिसऱ्यात अनुसूचित जातीच्या १५ टक्क्यांनी, चौथ्यात अनुसूचित जमातीच्या साडेसात टक्क्यांनी. गुणाकार जेथे पहिल्यांदा पूर्ण एक होतो, तेथे त्या वर्गाची पहिली जागा. ओबीसींचा एक चौथ्या पदावर पूर्ण होतो. अनुसूचित जातीचा सातव्यावर. अनुसूचित जमातीचा चौदाव्यावर. आता समजा, विद्यापीठात दहा विभाग आहेत आणि प्रत्येकात तीन पदे आहेत. विभाग हा घटक धरला तर तीनच्या पुढे ओळ जातच नाही. दहाही विभागांत मिळून पहिल्या भरतीत राखीव जागा शून्य. तीच तीस पदे एकत्र मांडा. ओबीसींच्या आठ, अनुसूचित जातीच्या चार, अनुसूचित जमातीच्या दोन, एकूण चौदा. (आर्थिक दुर्बल घटकांचे दहा टक्के २०१९ साली आले, ते या मांडणीत धरलेले नाहीत.) आरक्षणाच्या टक्केवारीला कोणी हात लावला नाही, संविधानाचे कलम कोणी बदलले नाही. फक्त तक्ता कोठून कोठपर्यंत मोजायचा एवढेच बदलले आणि चौदाचे शून्य झाले!

रस्त्यावरच्या आणि संसदेतल्या दबावामुळे मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि जुलै २०१९ मध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांपुरता कायदा होऊन संस्था हाच घटक ठरला. लढाई जिंकली. पण पुढची लढाई तक्त्याच्याच एखाद्या रकान्यात येणार आहे. रोस्टर तपासायला बसलेल्या आमच्या प्रतिनिधीला तो रकाना ओळखता आला पाहिजे. ते शिक्षण मोर्च्यात मिळत नाही, ते वर्गात मिळते.

‘शाळकरी पोरांनी तक्ते मांडून काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक घटना. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी मांडले की, देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासदर घसरतो. त्यांच्या तक्त्यात अशा देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्का निघाला होता. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांनी या निष्कर्षाचा हवाला दिला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ मिळाला : एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्याचे आकडे स्वतः काढून पाहा. त्याचे आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात वीस देशांऐवजी पंधराच देश धरले गेले होते, पाच देश सुटले होते. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि देशांना वजन देण्याची पद्धत, हे आणखी दोष त्याने व त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ साली दाखविले. दुरुस्तीनंतर उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के आले. सूत्रातील चूक लेखकांनी मान्य केली, निष्कर्षावरचा वाद पुढे चालू राहिला. पण आमच्यासाठी बोध एवढाच की, नामांकितांच्या तक्त्यावर एका विद्यार्थ्याने बोट ठेवले, कारण वर्गाने त्याला तक्ता उघडून पाहायला शिकविले होते.

बाबासाहेबांचे या बाबतीत आपण काय करतो? ‘रुपयाचा प्रश्न’ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाची तसबीर लावतो, आणि त्यांची आकड्यांशी झुंजण्याची शिस्त मात्र विसरतो. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत बाबासाहेब उभे राहिले, ते आकडे घेऊन. मागासलेल्या वर्गांची शिक्षणातली पीछेहाट त्यांनी आकड्यांनी दाखविली. त्यांच्या हाती ना कॅल्क्युलेटर होता ना संगणक. आपल्या हाती सगळे आहे. केंद्रीय अर्थसंकल्पात अनुसूचित जातींसाठीच्या तरतुदींचे स्वतंत्र विवरणपत्र असते. ते कोणालाही उतरवून घेता येते. दहावीच्या वर्गाने ते स्प्रेडशीटमध्ये घ्यावे, एकूण खर्चाशी त्याचे प्रमाण काढावे, २०११ च्या जनगणनेतील १६.६ टक्के या लोकसंख्येच्या प्रमाणाशी ताडून पाहावे आणि कोणती योजना खरोखर आपल्या माणसापर्यंत पोहोचते ते वेगळे काढावे. टक्केवारीचा धडा होईल आणि नागरिकशास्त्राचाही.

स्प्रेडशीटबद्दल बोललो, तेच लिहिण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल. आपल्या शाळांत निबंध एकदाच लिहिला जातो, बाई त्यावर लाल रेघ मारतात आणि विषय संपतो. खरे लेखन म्हणजे पुनर्लेखन, हे मुलाला कळतच नाही, कारण सगळे पान पुन्हा लिहिण्याची शिक्षा कोण घेणार? संगणकावर वाक्य हलवता येते, खोडता येते, दोन मसुदे शेजारी ठेवून पाहता येतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा आमचा आवडता धडा आहे. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांत अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. मुलांना सांगावे, गावातल्या पाणीपुरवठ्याविषयी अर्ज लिहा. पहिल्या मसुद्यात तक्रार असते, दुसऱ्यात राग असतो, तिसऱ्यात कोठे प्रश्न येतो. तिसऱ्या मसुद्यापर्यंत पोहोचणे हेच भाषाशिक्षण. मात्र हे सारे मराठीत आणि युनिकोडमध्ये झाले पाहिजे. जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की चौकोन दिसतात, हा अनुभव आपल्या कार्यकर्त्यांना नवा नाही.

पॉवरपॉइंटविषयी मात्र सावधगिरीचा इशारा देणे भाग आहे. शिक्षकाने भिंतीवर चित्रफिती सरकवायच्या आणि मुलांनी उतरवून घ्यायच्या, याला ‘डिजिटल वर्ग’ म्हणण्याची फॅशन आली आहे. ही जुनीच घोकंपट्टी आहे, फक्त वीज लावलेली. साधन शिक्षकाच्या हातात आणि मूल प्रेक्षक, असे असेल तेथे शिक्षण होत नाही. मुलांच्या हातात साधन आणि शिक्षक शेजारी उभा, हे चित्र पाहिजे.

अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. यंत्रे कमी आहेत, वीज जाते, शिक्षकाला शाळाबाह्य कामांतून सवड नसते. त्यावर आमचे म्हणणे असे. सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. लिबरऑफिस हे मोफत आहे, मराठीतून वापरता येते आणि जुन्या यंत्रावरही चालते. केरळात २००१ साली सुरू झालेला ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प पुढे मुक्त सॉफ्टवेअरवरच उभा राहिला आणि त्याने विषयशिक्षकांनाच प्रशिक्षण दिले. जे केरळला जमले ते फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला का जमू नये? एका यंत्राभोवती चार मुले बसली तरी चालतात, उलट त्यांच्यात वाद होतो तो चांगला. यंत्रच नसेल तर चौकटीच्या वहीवर तक्ता मांडा. पहिल्या तीन ओळी तर यंत्र असतानाही हातानेच केल्या पाहिजेत, नाहीतर मूल सूत्राचे भक्त होईल, त्याचा मालक होणार नाही.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळे हिशेब करून देते, मग हे कशाला? आम्ही म्हणतो, म्हणूनच तर. उत्तर तयार मिळू लागले की उत्तर तपासणाऱ्याची किंमत वाढते. तपासणी येत नसेल तर यंत्राने सांगितलेले प्रमाण मानावे लागेल. कोणीतरी सांगितलेले प्रमाण मानण्याची सवय मोडण्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या झगडलो आहोत, ती नव्या वेषात परत आणायची काय?

म्हणून समाजबांधवांना आमचे आवाहन आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत एकच ठराव मांडावा : संगणक कक्ष आठवड्यातून किमान एक तास गणिताच्या आणि एक तास समाजशास्त्राच्या शिक्षकांना मिळावा. विहारांतून आणि अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेची तयारी चालते, तेथे रविवारी दोन तास तक्ते मांडण्याचा वर्ग सुरू व्हावा. आपल्यातील बँक कर्मचारी, लेखापाल, मंत्रालयातील कारकून रोज हेच काम करतात. ऑफिसात साहेबासाठी मांडतात, एक दिवस वस्तीसाठी मांडावे. शिक्षण विभागातील आपल्या अधिकाऱ्यांनी बंद कक्षांची यादी मागवावी.

शेकडा बाराचे साडेएकवीस शोधून काढणारी ती मुलगी पुढच्या रविवारी आईला घेऊन आली. आईच्या हातात पिशवी होती, पिशवीत पावत्या. मुलगी संगणकापुढे बसली आणि आई एकेक पावती वाचून दाखवू लागली. अडली तेथे मुलगी थांबत होती. त्या दिवशी आम्ही काही शिकवले नाही. आम्ही फक्त कक्ष उघडा ठेवला होता.